छपरावरचे गोटे

कुंदाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी घाटंजीच्या बाजारात कांदे निवडत होतो. फोन ठेवला आणि कांदे निवडतच राहिलो... महिना झाला त्याला.

तांड्यावरच्या आमच्या दोन शिक्षकी शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. शाळेवर टिनाचं छप्पर. उन्हाळा लागला की प्रत्येक पोरानं नाल्यातून एक गोटा आणायचा, बाई त्यावर रंगानं नाव लिहायच्या आणि तो टिनांवर चढायचा. वादळ सुटलं की तांडा शाळेकडे धावे. बाई हसत म्हणत, "पोराईनं दाबून ठेवलेलं छप्पर हाय, उडते कायले?"

त्या एप्रिलात साहेब भेटीला येणार होते. बाई माहेरी, लग्नाला. मी दुसरा शिक्षक, नुकताच रुजू झालेला. मला ते गोटे गावंढळ वाटले. उतरवून घेतले, टिनं निळी रंगवली. परत चढवू, उद्या, परवा... साहेब आलेच नाहीत. वादळ आलं.

ते अजूनही स्वप्नासारखं दिसतं. भर दुपारी पिवळा अंधार, शाळेत दाटीवाटीनं बसलेली माणसं, आणि डोक्यावरून एकेक निळं टिन अलगद सुटून पळसांपलीकडे चाललेलं. आवाज आठवत नाही. तांड्याचे प्रमुख, नायक, त्यांच्या आईचा हात मोडला, तेवढी किंकाळी आठवते.

बाई परतल्या. भिंतीशी रचलेले गोटे त्यांनी पाहिले, मग मला.

"गोटे कोनं काढले, बाई?" नायक गरजले.

"म्याच सांगून गेलती. रंग द्याचा होता."

मी शेजारीच उभा होतो.

जूनमध्ये वर्ग ओस. बाई दारोदार फिरल्या. "या बाई, आमचं बी छप्पर उडवाले आल्या काय?" हेही ऐकून घेतलं. पोळ्यापर्यंत पोरं परतली. एकदा धीर करून विचारलं, "बाई, काहून घेतलं अंगावर?"

"तुमच्यावरचा भरवसा गेला असता तं परत आला नसता, सर. माह्यावर ते रागावतीन, मंग येतीन." आणि पुढच्या उन्हाळ्यात म्हणाल्या, "यंदा तुमचा बी एक गोटा आना."

त्यांच्या मातीला नायक म्हणाले, "देवमानूस होती बाई. एक ते गोट्याचं सोडलं तं..." मी मान हलवली. तिथेही! म्हणून हे लिहितो आहे. नायक, गोटे मी काढले होते.

आता शाळेवर स्लॅब आहे, तरी पोरं गोटे आणतात. काल वर चढलो. माझा सापडला, नाव ठसठशीत, बाईंनी दरवर्षी पुन्हा गिरवलेलं. घरी न्यावा म्हणून उचलला... आणि होता तिथेच परत ठेवला.