आर्सेसिओ मेस्त्रीचं भिंतीकडचं टेबल

आर्सेसिओ किश्पे मेस्त्रीचं टोप्यांचं दुकान आणि माझी बेकरी यांच्यात एकच भिंत. कुएंका शहरात टोप्या करणारे पुष्कळ, पण आर्सेसिओसारखी कड कुणाला वळवता येत नाही, हे त्याच्याशी न बोलणारेही कबूल करायचे. खेड्यातल्या बाया गवताच्या विणलेल्या टोप्या आणून द्यायच्या. हा त्यांना वाफ द्यायचा, लाकडी साच्यावर चढवून आकाराला आणायचा.

टेबल मात्र भिंतीला लागून. आत येणाऱ्याला आधी दिसायची ती मेस्त्रीची पाठ. "काय हवंय?" हेही तो मान न वळवता विचारायचा. किमतीवरून कुणी कुरकुर केलीच, तर बस स्टँडवर यंत्रावर केलेल्या स्वस्त कागदाच्या टोप्या मिळतात, तिकडे जा म्हणायचा.

त्याची बायको तार्हेलिया टोप्यांना फिती शिवायची. टेबल दाराकडे फिरवा, लोकांना तुमचे हात दिसू देत, असं ती वर्षानुवर्षं सांगत होती. जुन्या टोप्या दुरुस्तीला घेऊ या, हेही तिचंच. एकदा माझ्यासमोर विषय निघाला.

"लोकांनी बघायला मी काय जत्रेतलं माकड आहे?" तो म्हणाला.

"माकडाचं निदान तोंड तरी दिसतं, मेस्त्री," तार्हेलिया म्हणाली.

मी हसले. तो हसला नाही.

पुढे कागदाच्या टोप्यांनी बाजार भरला. आर्सेसिओकडे दिवसदिवस कुणी फिरकेना. लोकांना अक्कल राहिली नाही, असं तो म्हणायचा. त्यातच समुद्रापार माद्रिदला असलेल्या त्यांच्या लेकीला, नुबेला, मूल झालं आणि तिनं आईला सहा महिन्यांसाठी बोलावलं. निघायच्या दिवशी तार्हेलियानं पुन्हा टेबलाचं काढलं. तू परत ये, मग बघू, असं तो म्हणाला. सहा महिन्यांची दोन वर्षं झाली.

मग बाजाराच्या ओल्या पायऱ्यांवरून घसरून आर्सेसिओचा घोटा मोडला. उभं राहता येईना, म्हणून त्याचा जुना कारागीर लाउतारो टेबलाशी उभा राहिला, आणि मेस्त्री प्लास्टरचा पाय पुढे करून दाराजवळच्या गिऱ्हाइकांच्या बाकावर बसला. पहिले दोन-तीन दिवस तो तिथूनच लाउतारोच्या चुका काढत होता.

पाचव्या दिवशी मी कॉफी घेऊन गेले, तेव्हा दारात एक माणूस आला होता. त्यानं पिशवीतून एक जुनी, पिवळी पडलेली टोपी अर्धी बाहेर काढली. लाउतारोच्या पाठीकडे बघत तो जरा वेळ थांबला. एकदा खाकरला. इस्त्रीच्या फुसफुशीत लाउतारोला ते ऐकूच गेलं नाही, आणि बाकावरचा मेस्त्री त्याला गिऱ्हाईकच वाटला असावा. त्या माणसानं टोपी परत पिशवीत घातली आणि निघून गेला. आर्सेसिओ कुबड्या सावरून उठेपर्यंत तो कोपऱ्यावरून वळलाही होता.

मेस्त्री परत बाकावर टेकला. "शेजारीणबाई, ती माझ्या बापाच्या हातची टोपी होती. कड बघूनच ओळखली." मग म्हणाला, "असे किती परत गेले असतील?"

मी कॉफी त्याच्या हातात दिली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्या गल्लीला माहीत होतं. तोंडावर सांगितलं ते तार्हेलियानं एकटीनंच."

दुसऱ्या दिवशी त्यानं टेबल फिरवून घेतलं. जुन्या टोप्या नीट करून मिळतील, अशी पाटी लावली. पाय बरा झाल्यावर स्वतः दाराकडे तोंड करून उभा राहिला. सुरुवातीला तो ताठून गेला, हात चालेनात. पण लोक थांबू लागले. एका टोपीपायी किती खपावं लागतं, हे डोळ्यांनी बघितल्यावर घासाघीस करायला त्यांची जीभ रेटेना. पेट्यांमधून आजोबांच्या टोप्या बाहेर निघाल्या. वर्षभरात दुकान सावरलं. तो पिशवीवाला माणूस मात्र परत आला नाही.

तार्हेलियाला ही बातमी त्यानं माझ्या फोनच्या स्पीकरवरून दिली, मी कणीक मळत असताना. तिला मनापासून आनंद झाला, तिच्या आवाजावरून कळत होतं. मग त्यानं विचारलं, "आता येतेस ना?"

तिथं तिनं एका गाववालीबरोबर कपडे दुरुस्त करायचं छोटं दुकान टाकलं होतं. "मी रागावलेली नाही हो," ती म्हणाली. "पण इथं मी एखादी गोष्ट सुचवली, की दुसऱ्या दिवशी ती झालेली असते. मला त्याची सवय लागली आता."

नातवाची चौकशी करून त्यानं फोन ठेवला.

गेल्या मार्चमध्ये व्यापाऱ्यांच्या संघानं त्याला नव्या दुकानदारांपुढे बोलायला बोलावलं. धंदा कसा वर काढला ते सांगा म्हणाले. तो कोट घालून गेला आणि लवकरच परत आला. बेकरीतल्या स्टुलावर बसत म्हणाला, "मी सांगितलं, अक्कल बायकोची, मी फक्त एकोणीस वर्षं उशीर केला. त्यांना वाटलं, गंमत करतोय. टाळ्या वाजवून हसले."

मी त्याच्यापुढे पाव ठेवला. त्यानं तो हातात धरला, पण खाल्ला नाही.