बर्क, बरं का

धन्याने दुसऱ्याच्या घरी ठेवलेला कुत्रा एक दिवस परत निघतो, ही कथा आपल्याकडे अनेक रूपांत सांगितली जाते. कुठे धनी लमाण असतो, कुठे शिकारी. बहुतेक पाठांत धन्याचा गैरसमज होतो, कुत्रा प्राणाला मुकतो आणि गावाबाहेर त्याचा दगड उभा राहतो. आमच्या बहारीनच्या मराठी मंडळींत याच कथेचा एक नवा पाठ सध्या फिरतो आहे. जनाबियात सांगतात तेव्हा त्यातला कुत्रा समुद्रापर्यंत जातो. ईसा टाउनमध्ये सांगतात तेव्हा त्यातले आजोबा मारुतिस्तोत्र म्हणतात. घटना माझ्याच इमारतीखाली घडली. तिथे समुद्र नव्हता आणि स्तोत्रही नव्हते! किस्से असेच साचतात. एक सांगायला बसावे, तर आधीचे चार सांगितल्याशिवाय तो उलगडत नाही.

जनाबियाच्या मेधाताई शर्यतीतून निवृत्त झालेल्या ग्रेहाउंड कुत्र्यांना घरे मिळवून देतात. कुत्रे पोहोचवण्याचे काम कुडाळच्या सावंतांच्या पिकअपचे. माहूजला आमच्या शेजारी राहणाऱ्या विनायक आणि स्मिता देशमुखांनी असा एक कुत्रा मागितला, तेव्हा विनायकने एकच अट घातली, “नाना हो म्हणाले तरच ठेवायचा.” नाना म्हणजे त्याचे वडील, साताऱ्याहून मुलाकडे येऊन राहिलेले. नाना हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. “बघू,” म्हणाले.

* * *

शर्यतीचा कुत्रा आयुष्य पिंजऱ्यात आणि मैदानात काढतो. लिफ्ट त्याने पाहिलेली नसते. पहिल्या दिवशी तो दारातच चारही पाय रोवून उभा राहिला. शेवटी सावंतांनी त्याला खांद्यावर घेतले आणि जिना चढायला सुरुवात केली.

“ताईनू, ह्येका पोटच नाय!” सावंत धापा टाकत स्मिताला म्हणाले. “खाता तां जाता खंय?”

दुसऱ्या मजल्यावरच्या केरळी बाईंनी दार किलकिले करून ते लांबलचक पाय पाहिले आणि काळजीने विचारले, “भैया, बकरीद तो हो गया ना?”

* * *

ग्रेहाउंडच्या मांड्या अशा असतात की त्याला बसणे अवघड जाते. तो उभा राहतो, नाहीतर आडवा होतो. नानांना हे मान्य नव्हते.

“बस म्हटलं की उभं राहतं, ऊठ म्हटलं की झोपतं,” ते विनायकला म्हणाले. “तुझ्या ऑफिसात होतं का रे हे?”

आणि झोपेचे तर काय सांगावे! सोफ्यावर चारही पाय आभाळाकडे करून तो दुपारभर निजे. नानांनी मेधाताईंना फोन लावला. “बाई, तुम्ही पळायचं कुत्रं देणार होता. हे लोळायचं कुणाचं आलं?”

* * *

त्याचे शर्यतीतले नाव बर्क. अरबीत बर्क म्हणजे वीज. घरातही तेच राहिले, आणि तिथेच घोटाळा झाला. नानांचे कोणतेही वाक्य ‘बरं का’शिवाय संपत नाही, आणि घाईत त्याचे ‘बर्का’ होते. भाजीला मीठ कमी आहे, बरं का. आज वारं सुटलंय, बरं का. दरवेळी सोफ्यावरचा कुत्रा डोळे उघडी, उठे, आणि नानांपुढे येऊन उभा राही.

“ह्याला काय पाहिजे सारखं?” नाना वैतागत.

“नाना, तुम्हीच बोलावताय त्याला,” स्मिता हसत म्हणाली.

“मी? मी ह्याच्याशी एक शब्द बोललेलो नाही, बरं का!”

बर्क आणखी जवळ सरकला.

* * *

याच्या नेमका उलटा शब्द ‘यल्ला’, म्हणजे अरबीतले ‘चला’. शर्यतीत मालक कुत्र्यांच्या शेजारून गाडी पळवतात आणि ‘यल्ला, बर्क! यल्ला!’ म्हणून ओरडतात. बहारीनमध्ये हा शब्द टाळणे म्हणजे ‘हॅलो’शिवाय फोन उचलणे. विनायक ऑफिसला निघताना सहज “यल्ला” म्हणाला, आणि बर्क सोफ्यावरून थेट बाल्कनीच्या काचेपर्यंत! वाटेतला टीपॉय, त्यावरचा चहा, चहापुढचे नाना, सगळे आडवे.

स्मिताने घरात तो शब्द बंद केला. नात रिया शाळेत इंग्रजी बोलते, घरी मराठी समजते, पण उत्तर इंग्रजीतच देते. तिच्या तोंडी ‘यल्ला’ सर्वांत जास्त. तिला दुसरा शब्द हवा होता. ‘लेट्स गो’ म्हटले तरी बर्क कान टवकारी; कुणी इंग्रज मालकही त्याला लाभला असावा. अखेर एका सकाळी तिने दप्तर उचलले आणि म्हणाली, “चला, निघू या!”

बर्क घोरत राहिला. नानांनी लगेच साताऱ्याला बहिणीला फोन केला. “अक्का, नातीला मराठी फुटलं! बापाला जमलं नाही ते कुत्र्यानं केलं, बरं का!”

आणि बर्क उठला.

* * *

तरीही नाना हो म्हणत नव्हते. मेधाताईंनी स्मिताला आधीच बजावले होते, “रस्त्यावर एकदा जरी सुटला, तरी मी परत नेईन. गाडीखाली गेलेला मला बघवणार नाही.”

त्या सकाळी पहिल्यांदाच बर्कला बसच्या वेळी खाली आणून आम्ही फाटकापाशी उभे होतो. स्मिताच्या एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात रियाचे दप्तर. शाळेची बस थांबली, आणि मुलांना चढवणाऱ्या बाई नेहमीसारख्या ओरडल्या, “यल्ला, यल्ला!”

पट्टा हातातून सुटला. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर धुळीची एक रेघ उठली. प्लॉटच्या पलीकडे मोठा रस्ता. “बर्क! बर्क!” आम्ही सगळे ओरडत सुटलो. वॉचमन ओरडला, बसमधली मुले ओरडली. जितका आरडाओरडा वाढला, तितका तो वेगाने धावू लागला. स्मिताने रडत मेधाताईंना फोन केला. रिया बसमध्ये चढायला तयार होईना.

नाना वरून चपला ओढत खाली आले. “गप्प बसा सगळे,” म्हणाले. मग फाटकाजवळच्या कठड्यावर टेकले आणि रियाला शेजारी ओढून घेतले. प्लॉटकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही.

“रडायचं नाही, पोरी. कुत्रं गुणाचं आहे, बरं का.”

सगळे शांत होते. दूर धुळीत ती रेघ वळली.

“सकाळचा चहा कडू झालाय, बरं का,” नाना तशाच आवाजात पुढे म्हणाले. “अक्काचा गुडघा अजून दुखतोय, बरं का.”

बर्क चालत आला. जीभ लोंबत होती. त्याने हनुवटी नानांच्या गुडघ्यावर टेकवली.

सावंतांचा पिकअप आला तेव्हा बस निघून गेली होती. मेधाताईंनी त्यांना तातडीने पाठवले होते. सावंतांनी मागची फळी खाली पाडली आणि अवघडून विचारले, “नानानू, न्हेवचो काय ह्येका?”

नानांनी पट्टा मनगटाला गुंडाळला.

“फळी लावा,” ते म्हणाले. “आणि चहाला वर चला, बरं का.”

बर्कने मान वर करून नानांकडे पाहिले.