कौसाबाईंची खुर्ची

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. आणि मी काही पोटात ठेवणारा माणूस नव्हे. जुन्या जालन्यातल्या कुठल्याही टपरीवर विचारा, माझ्या फजित्या लोकांना पाठ आहेत. परक्याच वरातीत शिरून नवरदेवाच्या मामासारखा नाचलो, पंगतीला बसल्यावर कळलं की आपल्याला बोलावलेलं लग्न पलीकडच्या गल्लीत आहे — ती गोष्ट मीच सांगितली. पहिल्याच प्रशिक्षणात उडी मारायला गेलो आणि पायजम्याची नाडी तुटली, तीही मीच सांगितली. लोक हसतात, चहा पाजतात. आणि इतक्या चुका स्वतःहून सांगणारा माणूस एखादी लपवत असेल, अशी शंका कुणाला येते? नाही येत. मी ते चांगलं ओळखून होतो.

तर ऐका. नाही म्हणजे — आधी माझं काम सांगतो.

मी लोकांना नाचवतो. स्टेजवरचं नाही. ‘आम्हाला कुठं नाचता येतंय’ असं म्हणणाऱ्या बायका, पोरं, म्हातारी माणसं एकत्र आणायची, हाताला हात धरून फेर धरायचा आणि त्यांच्याच अंगात असलेलं नाचणं बाहेर येऊ द्यायचं. आता मी हे काम दुसऱ्या शिक्षकांना शिकवतो, जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून. प्रत्येक ठिकाणी सुरुवात एकच. मी म्हणतो, ‘खुर्च्या बाहेर काढा.’ आमचा नियमच आहे तो — जो आला तो फेरात. बघ्या कुणी नाही. कुणाला उभं राहता येत नसेल तर सगळा फेर खाली बसेल, पण एकट्याला खुर्ची द्यायची नाही. हे मी फार सुंदर सांगतो. ऐकून एकदोघांचे डोळे भरतात.

या सगळ्याची सुरुवात तीर्थपुरीत झाली. तेव्हा मी एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवायचो आणि दर मंगळवारी तिथल्या समाजमंदिरात बायकांचा फेर घ्यायचो. पंचमीला बायका धरतात तसाच फेर, फक्त वर्षभर. शेतातून आलेल्या, शिवणकाम करणाऱ्या, बौद्धवाड्यातल्या, मोहल्ल्यातल्या — पंधरा-वीस जणी यायच्या. शबानाआपा सगळ्यांत आधी यायच्या आणि माझ्या नाचण्याची नक्कल करून दाखवायच्या. ‘सर, आप नाच रहे कि चप्पल ढूंढ रहे?’ असं विचारायच्या.

आणि कौसाबाई यायच्या. लहानपणी बैलगाडीवरून पडून त्यांचा उजवा पाय आखूड झाला होता. उजवं पाऊल पडलं की त्या खाली जायच्या आणि डाव्यावर वर यायच्या. पहिल्या मंगळवारी त्या दाराशीच उभ्या राहिल्या होत्या. मी गेलो, हात धरला आणि त्यांना आत घेतलं. तेव्हा मी असा होतो — बघा, पुन्हा माझंच कौतुक करून राह्यलो.

पुढे जे झालं ते मी शिकवलं नव्हतं. कौसाबाई खाली गेल्या की त्यांचा हात धरलेल्या दोघींना तो हिसका मनगटात लागायचा. त्याही जराशा झुकायच्या. त्यांच्या पुढच्या दोघी त्यांच्याबरोबर. हळूहळू सगळा फेरच उजव्या पावलाला झुकायला लागला, वाऱ्यानं ज्वारीचं शेत हलावं तसा. कुणी ठरवलं नव्हतं. एका बाईचा आखूड पाय त्या सगळ्यांनी वाटून घेतला होता. मला हे दिसत होतं का? दिसत होतं. पण मला वाटायचं — चाल बिघडली.

मग पाहुणे यायचे ठरले. अशी कामं करणाऱ्यांना घडवणारी एक शहरातली संस्था होती. तिथल्या एक मॅडम आणि दोन सहकारी माझा फेर बघणार, आणि पसंत पडला तर मला प्रशिक्षक म्हणून कायमचं काम मिळणार. तासिकांवर जगणाऱ्या माणसाला ‘कायमचं’ हा शब्द कसा ऐकू येतो, ते — जाऊ द्या. सबब सांगायची नाही असं ठरवून बसलोय.

मी आदल्या मंगळवारी कौसाबाईंना बाजूला घेतलं. म्हणालो, पाहुण्यांच्या स्वागताला जबाबदार माणूस पाहिजे. तबक घेऊन पुढं बसायचं, सगळ्यांना फूल द्यायचं. मोठा मान आहे.

“मंग मी फेरात न्हाई का, सर?”

मी म्हणालो, स्वागत फेराहून मोठं असतं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. जास्त वेळ नाही. “बरं. तुम्हाला बराबर कळतं,” म्हणाल्या.

पाहुणे आले त्या दिवशी त्या ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आल्या. समाजमंदिरात खुर्ची नव्हती, आमच्या नियमाप्रमाणे. मी शेजारच्या दुकानातून लाल प्लास्टिकची एक खुर्ची मागून आणली. माझ्या हातानं. फडक्यानं पुसली सुद्धा.

फेर सुरू झाला. आता सगळ्या सरळ चालतील, असं मला वाटलं होतं. आणि उजवं पाऊल पडलं — सगळ्या झुकल्या. कौसाबाई फेरात नव्हत्या, पण त्यांचा पाय फेरात होता. मी मॅडमच्या तोंडाकडे बघतोय, तर त्या हरखून गेलेल्या. चपला काढून त्या मधे शिरल्या, झुकायला शिकल्या. थांबल्यावर धापा टाकत विचारलं, हा झोक इतका सुंदर, कुठून आला?

बायकांनी खुर्चीकडे बघितलं. शबानाआपांनी तोंड उघडलं. “ये तो हमारी —”

“आमच्या भागातली जुनी चाल आहे, मॅडम,” मी म्हणालो. “पंचमीच्या फेरातली. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली.”

त्यानंतर शबानाआपांनी माझी नक्कल कधी केली नाही.

कौसाबाईंनी सगळ्या पाहुण्यांना फुलं दिली. एक उरलं. ते मला दिलं. “चांगला दिसला फेर,” म्हणाल्या. पुढच्या मंगळवारी त्या आल्या नाहीत. कापूस वेचायला जात असतील, असं मी सगळ्यांना सांगितलं. त्याच्या पुढच्याही मंगळवारी आल्या नाहीत. मला काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. या सगळ्यात मला सगळ्यांत जास्त लाज त्याचीच वाटते.

काम मला मिळालं. गेली कित्येक वर्षं मी तो झोक शिकवतोय. कोल्हापूरचे शिक्षक झुकतात, नागपूरच्या अंगणवाडीताई झुकतात. ‘मराठवाड्याची पारंपरिक चाल’ असं मी सांगतो आणि लोक मान डोलावतात.

मागच्या वर्षी जालन्यातच अंगणवाडीताईंचं प्रशिक्षण होतं. खुर्च्या बाहेर काढल्या, फेर धरला, मी झोक दाखवला. माझ्या डाव्या हाताला वैशाली नावाची नवीनच लागलेली मुलगी होती. ती खुदकन हसली. “सर, ही तर आमच्या मोठीमायची चाल. तीर्थपुरीला असती ती, कौसाबाई. पाण्याची घागर घेऊन अशीच येती.”

सगळ्या हसल्या. आणि मला संधी होती. किती सोपी होती बघा — ‘हो, तिचीच आहे’, एवढंच म्हणायचं होतं. मी काय केलं? मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. कंबर वाकडी करून म्हणालो, अहो, आपल्याकडं रस्तेच असे आहेत की सगळा जिल्हाच असा चालतो. आणखी मोठा हशा पिकला. माझी ती जुनी कला, कामाला आली.

वैशाली हसायची थांबली. माझ्याकडे बघत राहिली, कौसाबाईंनी बघितलं होतं तसंच. मग फेर पुन्हा फिरायला लागला. उजवं पाऊल पडलं, पलीकडून झोक येताना दिसला, बाईमागून बाई झुकत आली, वैशालीपर्यंत आली — आणि ती झुकली नाही. ताठ चालली. माझ्या हाताला काहीच लागलं नाही. फेर संपेपर्यंत तो झोक दरवेळी तिच्यापाशी येऊन थांबत होता आणि मी एकटा, आपला आपण, खोटा खोटा झुकत होतो.

कौसाबाई आहेत. तीर्थपुरीलाच आहेत. मी त्या रस्त्यानं बऱ्याचदा गेलोय, स्टँडवर चहा पिऊन परत आलोय.

ती चाल जुनी नाही, पंचमीची नाही, मराठवाड्याची नाही. कौसाबाईंची आहे. आणि ती खुर्ची मी आणली होती.