डाव्या हाताचं खुरपं

माझी आई डावरी. लहानपणी जेवताना, पाटीवर गिरवताना डाव्या हातावर फटके खाऊनही ती बधली नाही. शेवटी तिच्या वडिलांनी हात टेकले आणि गावच्या लोहाराकडून तिला डाव्या हाताचं खुरपं घडवून दिलं. पातं उलट्या बाजूला वाकलेलं, धारही उलट्या अंगाला. खानदेशातलं शेत सुटलं, पण ते खुरपं तिच्यासोबत सुरतेला आलं.

तिथल्या पांडेसऱ्यात आमच्या खोलीमागे, मिलच्या भिंतीलगत दोन खाटा मावतील एवढी जमीन होती. पलीकडे खाडी. मिलमध्ये ज्या रंगाचं कापड चालू असेल, त्या रंगाचं तिचं पाणी. आमच्या मेथी-वांग्यांना मात्र हातपंपाचं पाणी मिळायचं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी बाबा अवजारं बाहेर काढत: कुदळ, फावडं आणि दोघांची दोन खुरपी. वाळलेली माती बांबूच्या चिपेनं खरवडायची, गंज विटेच्या तुकड्यानं घासायचा, रॉकेलचं फडकं फिरवायचं, दांड्यांना तेल चोळायचं आणि शेवटी कानशीनं धार काढायची. सणाच्या सकाळी त्यांना हळदकुंकू लागलं, की मगच वाफ्यात पहिली कुदळ पडायची.

मी अकरावीत असताना, होळीच्या आधी, मिलमध्ये बाबांचा उजवा हात रोलरमध्ये गेला. हात वाचला, पण बोटं मिटेनात. तेव्हापासून ते दाराशी बसून असत. तो हात मांडीवर असा ठेवत, जणू दुसऱ्या कुणी सांभाळायला दिलाय. आई त्यांना घास भरवायची. डावा हात धडधाकट असताना! मला संताप यायचा, आणि संताप आला म्हणून स्वतःची लाजही वाटायची. डाव्या हातानं सगळा संसार करता येतो, हे आमच्या घरात रोज दिसत होतं. त्यांनाच कसं दिसत नव्हतं?

आखाजी तोंडावर आली तरी त्यांनी अवजारांचं नाव काढलं नाही. मग मीच काढली. घासली, पुसली, तेल चोळलं. कानस काही मला जमेना. तेवढ्यात गल्लीत सायकलवरचा धारवाला आला. "एकदम नवुं करी आपुं, बेन," म्हणाला आणि दोन्ही खुरपी चकाकवून दिली. मी ती ऐटीत बाबांपुढे मांडली.

त्यांनी आईचं खुरपं डाव्या हातानं उचललं आणि डोळ्यांजवळ नेलं.

"उलट्या अंगले धार लागनी, पोरी."

धारवाल्यानं तिच्या खुरप्यालाही चारचौघांसारखीच धार काढली होती. आईच्या हातात ते आता मुळाला न लागता नुसतं घसरणार होतं. मला रडूच फुटलं.

"राहू द्या, चाली जाई," आई म्हणाली.

"कानस दे माले," बाबा मला म्हणाले.

पायाच्या पंजाखाली दांडा दाबून त्यांनी डाव्या हातात कानस धरली. एकदा ती घसरली, दुसऱ्यांदा पोटरीला लागली. मी पुढे सरकले तशी आईनं माझा दंड धरून मला मागे ओढलं. दुपारभर ते घासत होते. मध्ये आईनं चहाचा कप त्यांच्या शेजारी नुसता ठेवला. बाबांनी कानस खाली ठेवली, डाव्या हातानं कप उचलून चहा प्याले आणि पुन्हा कामाला लागले. मी आईकडे पाहिलं, तर ती मुद्दाम दुसरीकडे बघत होती.

उन्हं उतरल्यावर धार बघायला ते वाफ्यात उकिडवे बसले. हराळीच्या बुडाशी आईचं खुरपं घातलं, डाव्या हातानं ओढलं. मूळ स्वच्छ तुटलं. मग दुसरं, तिसरं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या कपाळावर घाम पाहिला आणि मला फार बरं वाटलं.

त्यांनी खुरपं पुसून आईपुढे धरलं. तिनं ते घेतलं नाही. बाबांचं जुनं, उजव्या हाताचं खुरपं उचलून म्हणाली, "तुम्ही तेच ल्या. माले हाई चालस."

मग ती वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. गवतापेक्षा मातीच जास्त उडत होती. एवढे फटके खाऊनही जिनं कधी उजवा हात वापरला नाही, ती त्या संध्याकाळी उजव्या हातानं निंदत होती, आणि तिची धडपड बाबांना दिसू नये म्हणून त्यांच्याकडे पाठ करून बसली होती.