आत्याची अमेरिका

आमच्या धाकट्या आत्याएवढा अमेरिकेवर हक्क सांगणारं माणूस अख्ख्या बदलापुरात सापडणार नाही. तिथे तिचं कोणी नव्हतं, आणि पुढच्याच वांगणी स्टेशनापलीकडे ती फारशी कधी गेलीही नव्हती. पण एचआयव्हीच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या ज्या संस्थेत ती होती, त्या संस्थेला पैसा अमेरिकन सरकारकडून यायचा. त्यामुळे त्या देशाबद्दल ती सासरच्यांबद्दल बोलावं तशी बोलायची. तिकडे निवडणूक लागली की इकडे हिचं जेवण कमी व्हायचं.

कामाच्या बाबतीत तिला लाज अशी नव्हतीच. माझ्या हळदीला तिनं नवरदेवाच्या मित्रांना ओळीनं बसवून कंडोमवर व्याख्यान दिलं होतं. सासूबाई तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाल्या आणि थोड्या वेळानं दाराआडून ऐकायला परत आल्या. एरवी हिच्या पोटात काही राहायचं नाही. आमच्या शिरगाव भागात कोणाचं कोणाशी वाजलं हे हिच्यामुळेच कळायचं. रुग्णाचं नाव मात्र तिच्या तोंडून कधी निघालं नाही. रोज संध्याकाळी फोन लावून ती एवढंच ओरडायची, "झाडाला पाणी घातलंस का रे?" म्हणजे गोळी घेतलीस का. शेजारच्या काकू तर तिला जाणकार समजून आपली सुकलेली जास्वंद घेऊन आल्या होत्या. आत्यानं त्यांनाही दम भरला.

मग एक दिवस तिकडच्या सरकारनं मदत थांबवली. गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळत राहिल्या, पण त्या घेतल्या का हे विचारणारी माणसं घरी बसली. संस्थेच्या खुर्च्या टेम्पोत चढल्या. मग एका सकाळी आत्या म्हणाली, "सोयरे रुसले म्हणून घरातली पोरं वाऱ्यावर सोडायची का? चल, स्कूटर काढ."

अंबरनाथच्या एमआयडीसीत वेल्डिंग करणाऱ्या एकानं गोळ्या सोडल्या होत्या. मला तिनं गल्लीच्या तोंडाशीच थांबवलं, पण तिचा आवाज थोडाच थांबणार!

"तू पाणी घातल्याशिवाय मी चहा घेणार नाही, आणि चहा घेतल्याशिवाय इथून उठणार नाही."

"पण आत्या, तुमचं काम बंद झालं ना?" आतून त्याचा आवाज आला.

"पगार बंद झालाय. माझं तोंड बंद झालंय का?"

बऱ्याच वेळानं ती खारी खात बाहेर आली.

आता ती उल्हासनगरात एका सिंधी शेठच्या कारखान्यात जीन्सचे धागे कापते. "बाई, काम के टाइम फोन नहीं," असं शेठ आधी कुरकुरला. हल्ली संध्याकाळ झाली की हिला नीट ऐकू यावं म्हणून तोच शेजारचं मशीन बंद करायला लावतो.

परवा तिला घ्यायला गेले, तर ती एकच नंबर पुन्हा पुन्हा लावत होती. शेवटी तिनं फोन मांडीवर ठेवला.

"गावाला गेला असेल, नाही गं? तिकडे रेंज नसते."

"नसतेच," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पुन्हा नंबर लावला.