आत्याबाईंच्या बाज्याचं कुंकू

दसऱ्यानंतरचा रविवार, उदगीर. हजर: आमचे हे, ह्यांच्या आत्याबाई, आत्याबाईंचे यजमान म्हणजे मामा, मी आणि एक फोनोग्राफ. काम: पेटीवरची पितळी पट्टी वाचणे. अंदाजे वेळ: चहा होईपर्यंत.

आमचे हे फोनोग्राफ जमवतात. तबकडीच्या आधीचे, मेणाच्या नळीवर वाजणारे. तेही फक्त आपल्या देशात सुरुवातीला ज्यांनी घडवले, त्यांचेच. विलायती कुणी फुकट दिला तरी घेत नाहीत (अशी वेळ अजून आलेली नाही). त्या कारखानदारांची नावं कुणी नीट लिहून ठेवली नाहीत. नाव उरतं ते पेटीवरच्या पट्टीवर; पट्टी गेली की माणूसच गेला, असं ह्यांचं म्हणणं. नोंदी मी करते, कारण ह्यांच्या नोंदी बसच्या तिकिटांमागे असतात.

आत्याबाईंचा फोनोग्राफ (त्यांच्या भाषेत बाजा) मुका आहे, पण पट्टी शाबूत. अडचण एवढीच, की दर खंडेनवमीला मामांच्या दुकानातल्या तराजूबरोबर त्याचीही पूजा होते आणि कुंकू नेमकं पट्टीवर लागतं. तेल, हळद, कुंकू. वर्षानुवर्षांचा थर.

“आत्या, जरा पुसून बघू का?” ह्यांनी विचारलं.

“काय पुसतूस रे शिवा? कुंकू? ह्ये समोर बसल्यात की!”

“पुसू दे,” मामा ओसरीवरून म्हणाले. “मी कुठं चाललो?”

“तुमी गप बसा. दवाखान्यातून परत आलाव ते कशामुळं?”

“डॉक्टरमुळं.”

“डाक्टर कालचा हाय. बाज्याला मी लग्नापासून कुंकू लावते.”

विषय संपला. निदान ह्यांच्यापुरता. पण एखादा रकाना रिकामा राहिला की मला जेवण गोड लागत नाही. आत्याबाई चहाला आत गेल्या. मी पर्समधून कापूस आणि खोबरेल काढलं (मी तयारीनिशीच निघते) आणि एक कोपरा चोळला. पितळ चमकलं. एक अक्षर वर आलं.

“अहो, ‘ड’,” मी कुजबुजले.

आणि त्याच क्षणी ओसरीवर मामांना ठसका लागला. चिवड्यातला शेंगदाणा. पण ठसका असा, की ओसरीला लागून असलेल्या दुकानातला तराजू हलला.

आत्याबाई गाळणी घेऊनच धावत आल्या. एकदा मामांकडे बघितलं, एकदा माझ्या हातातल्या लाल कापसाकडे.

“काय करायलीस गं?”

उत्तर हातातच होतं.

“लाव,” त्यांनी करंडा पुढं केला.

“आत्याबाई, शेंगदाणा आहे तो...”

“लाव म्हणते न्हवं?”

गाळणी टाकून त्यांनी माझं बोट धरलं आणि करंड्यात बुडवलं. इतकी वर्षं मी ह्या कुंकवाला भक्ती समजत होते. ती भीती होती, आणि तिच्यापुढं माझा रकाना फार लहान होता. मी कुंकू लावलं. आधी बोटानं. मामा खोकतच होते, म्हणून चिमटीनं. तरीही खोकतच होते, म्हणून मूठभर. हे पाठीत थोपटत होते, मी पट्टीवर थापत होते. शेवटी दाणा सुटला.

मामा पाणी प्यायले. “आता दुसरा खाऊ का?”

आत्याबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग माझ्याकडे वळल्या. “बघितलंस?”

“बघितलं,” मी म्हणाले. खरं सांगायचं तर त्या घटकेला मला शेंगदाण्याबद्दल फारशी खात्री उरली नव्हती.

निघताना त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. “तुझ्या हाताला गुण हाय माय. आता दर खंडेनवमीला तूच यायचं लावायला.”

सध्याची नोंद अशी. कारखानदाराचे नाव: ‘ड’, पुढचे वाचायचे बाकी. थर वाढवण्याची जबाबदारी: माझी.