तांदळाच्या डब्यातली अंडी

लोहाऱ्याच्या एमआयडीसीमागच्या वस्तीत कुणाची लेक-सून बाळंत झाली की सत्यभामाबाई आधी अंडी पोचवायच्या आणि मग बाळाचं तोंड बघायच्या. अकरा कोंबड्या होत्या त्यांच्या. मान ताठ करून चालणारी ती मास्तरीण, सगळ्यांच्या आधी दाण्यावर तुटून पडणारी ती सरपंचीण. दुकानातल्या पांढऱ्या अंड्याचं नाव काढलं तरी बाई नाक मुरडायच्या.

"ते काय अंडं हाय? कागद चावल्यावानी लागते!"

मग स्वतःच्या सुनेला दिवस गेल्यावर काय विचारता! रोज सकाळी खुराड्यातलं कोमट अंडं थेट पायलच्या हातात. "उकडून खाय. माह्या नातवाच्या हाडात उतरलं पायजे." एवढं बजावून, डोक्यावर टोपलं घेऊन त्या भाजी विकायला बाहेर पडायच्या.

त्या दिवशी पाय दुखत होता म्हणून बाई घरीच राहिल्या. पायल सोनोग्राफीचा कागद दाखवायला दवाखान्यात गेली होती. तिच्यासाठी भात टाकावा म्हणून त्यांनी तांदळाचा डबा उघडला, माप खोल घातलं, तर खाली काहीतरी गोल लागलं. हाताने चाचपलं. अंडं. त्याच्या शेजारी आणखी एक. तळाशी नऊ अंडी मांडून ठेवलेली होती.

बाई डब्याशीच बसल्या. चोरून विकत असती तर चाललं असतं, असं त्यांना वाटून गेलं. हे तर नुसतं ठेवलेलं होतं. आपल्या हातचं हिला नको झालं?

पायल आली, चप्पल काढता काढता तिची नजर डब्यावर गेली आणि ती तिथेच थांबली.

"काहून व पोरी, आपल्या घरचं अंडं तांदळाले चारून राह्यली का?"

"आई, मी सांगणारच होते तुम्हाला."

"मंग सांग न. नऊ दिस झाले."

पायल त्यांच्याजवळ खाली बसली. पोट सावरत बसायला तिला वेळ लागला. हिवाळ्यात पुण्याच्या एका संस्थेची माणसं वस्तीत येऊन सहा अंडी आणि खुराड्यातली मूठभर राख तपासायला घेऊन गेली होती. बाईंनीच मोठ्या तोऱ्यात दिली होती, "न्या, पुण्याच्या लोकायले कळू द्या खरं अंडं कसं असते!" त्याचा रिपोर्ट नऊ दिवसांपूर्वी पायलच्या फोनवर आला होता. घरात सायन्स शिकलेली तीच.

"आई, वायरीवरचं प्लास्टिक जळते न, त्यातून एक जहर तयार होते. डायॉक्सिन म्हणतात. ते राखेत बसते. कोंबड्या ती राख टोचतात, मग ते त्यांच्या चरबीत जाते, तिथून अंड्याच्या पिवळ्यात. उकडूनही जात नाही."

बाईंना पुढचं सांगावं लागलं नाही. घरात गॅस आला तेव्हा चूल गेली आणि चुलीबरोबर राखही. कोंबड्यांना उवा झाल्या. राखेत लोळल्याशिवाय उवा जात नाहीत. मागच्या नाल्यात बंटी भंगारवाला तांब्यासाठी वायरी जाळायचा, तिथे काळीभोर, मऊ राख पडून असायची. दर आठवड्याला एक घमेलं बाई खुराड्यासाठी आणायच्या. स्वतःच्या डोक्यावरून.

"म्हंजे तुले मीच चारलं."

"डॉक्टर मॅडमला विचारून आले आज. बाळ चांगलं वाढून राह्यलं म्हणाल्या. हे हळूहळू साचते, आता थांबलं म्हणजे झालं. अंगावरचं दूध मात्र पाजायचंच, असंही म्हणाल्या."

"अन् मले काहून नाही सांगितलं?"

पायलने त्यांच्या पदराचं टोक हातात घेतलं. "तुम्ही रोज किती हौसेनं देत होत्या."

तेवढ्यात शेजारची उज्ज्वला दारात आली. तिची लेक बाळंतपणाला आलेली. "मावशी, चार अंडी देता का?"

"कोंबड्या खुडूक बसल्या व," बाई म्हणाल्या. उज्ज्वला वळली. ती फाटकापर्यंत गेली असेल नसेल, तोच बाईंनी हाक मारली. "उज्ज्वला! खोटं बोलली मी. ये, बस." आणि सुनेकडून ऐकलेलं सगळं त्यांनी तिला सांगितलं, घमेल्यासकट. सांगताना मान खाली होती, पण काही गाळलं नाही.

ऊन उतरल्यावर, तोंडाला पदर बांधून, खुराड्यातली राख खरवडून त्या नाल्यावर गेल्या. बंटी वायरींचा गुंता सोडवत होता.

"मावशी, राख संपली का?"

"वापस आणली. खड्डा खण खोल, त्यात पुरू. अन् आजपासून हे जाळणं बंद."

"मी त रोज या धुरात उभा रायतो. मले काय झालं?" असं म्हणताना त्याला खोकल्याची उबळ आली. बाई ती थांबेपर्यंत उभ्या राहिल्या.

"तुही पोरगी माह्याच अंड्यावर मोठी झाली, बंटी."

त्याने हातातली वायर खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "जाळलं नाही त तांबं काढू कसं?"

"सोलून."

"बोटं जातीन मावशी. दिवसभरात मूठभर निघन."

"माह्याकडे विळी हाय. संध्याकाळी मीबी बसतो सोलाले," बाई म्हणाल्या, आणि खरंच फतकल मारून बसल्या.

दुसऱ्या दिवशी मास्तरीण, सरपंचीण सगळ्या जाळीच्या आत होत्या, घरामागच्या नव्या मातीवर. त्यांची अंडी खड्ड्यात जाणार होती, पुन्हा तपासून होईपर्यंत. बाई सकाळीच कुठेशी जाऊन आल्या. हातात कागदाची पुडी. त्यांनी पातेल्यात पाणी ठेवलं, स्वतः उकडलं, स्वतः सोललं, मीठ लावलं आणि पांढरंशुभ्र दुकानाचं अंडं सुनेच्या तळहातावर ठेवलं.

पायलने घास घेतला. बाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"कसं लागते?"

"कागदावानी."

"मंग चावून खाय," सत्यभामाबाई म्हणाल्या आणि दुसरं सोलायला घेतलं.